पणजीचं आझाद मैदान : दहा मिनिटांच्या जागेवर एक सकाळ

आमच्या सिंधुदुर्गातून गोव्याला जाणाऱ्या शाळेच्या सहलींचा रस्ता आणि क्रम दोन्ही ठरलेले असतात. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, मग मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्च आणि संध्याकाळी मिरामार. पणजीच्या ऐन मध्यावरचं आझाद मैदान या यादीत कधी नसतं. बस त्याच्या कडेने निघून जाते आणि खिडकीतून मुलांना दिसतो तो उंच खांबांचा एक मंडप.

नववीच्या दोन तुकड्यांसाठी मी तिथे सकाळचा दीड तास मागितला, तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत एका सरांनी सरळ विचारलं, "बाई, तिथे बघण्यासारखं आहे काय? एक मंडप, एक हुतात्मा स्मारक आणि थोडं गवत. दहा मिनिटांत मुलं कंटाळतील." सरांचं म्हणणं रास्त होतं. शहरातल्या लहान स्मारकांची अडचण हीच असते. किल्ल्यावर तटबंदी असते, बुरूज असतात, तोफा असतात. मुलं आपणहून धावत सुटतात. इथे डोळ्यांना दिसणारं थोडं आणि त्याच्यामागे ४५१ वर्षांची परकी सत्ता. ही भेट कशी आखली, तिथे काय घडलं, कुठे अडलं आणि मुलं काय बोलली, ते सविस्तर लिहिते आहे. सीमेलगतच्या कुठल्याही शाळेला त्यातलं हवं ते उचलता यावं.

मंडप कोणाचा?

आधी जागा समजून घ्यायला हवी. पोर्तुगीज अमदानीत या चौकाला आफोंसो द अल्बुकर्कचं नाव होतं. १५१० च्या नोव्हेंबरात, २५ तारखेला, आदिलशाहीच्या ताब्यातलं गोवा शहर त्याने दुसऱ्यांदा आणि कायमचं जिंकलं. शहरात शिरल्यावर मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, तिची माहिती त्याने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवली आहे. त्याच वर्षी आधी गोवा घेऊन त्याला ते सोडावं लागलं होतं, आणि या सगळ्या खटपटीत तिमोजा नावाचा स्थानिक सरदार त्याच्या मदतीला होता, हेही मुलांना सांगावं लागतं. नाहीतर बाहेरून जहाजं आली आणि सगळं गिळून गेली, असं चित्र त्यांच्या डोक्यात राहतं.

चौकातला मंडप १८४७ चा. त्याचे खांब कोरिंथियन धाटणीचे आहेत, माथ्यावर पानांची कोरीव नक्षी असलेले. ते पणजीत घडवलेले नाहीत. जुन्या गोव्यातल्या पडक्या वास्तूंमधून काढून ते इथे आणून उभे केले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे एका शहराच्या मरणाची आणि दुसऱ्याच्या जन्माची हकीकत आहे. साथीच्या रोगांनी जुनं गोवा हळूहळू ओस पडत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेही मुक्काम हलवून पणजीत आदिलशहाच्या जुन्या वाड्यात आणला. १८३० च्या दशकात पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, मठ रिकामे झाले आणि मोठमोठ्या इमारती ढासळू लागल्या. १८४३ मध्ये राजाज्ञेने पणजी ही 'नवं गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली. त्यानंतर चारच वर्षांनी हा मंडप उभा राहिला आणि त्याखाली अल्बुकर्कचा पुतळा बसला.

या सनावळीचा मी लावलेला अर्थ असा. राजधानी कोरी होती, तिला पूर्वज हवा होता. मग जुन्या शहराच्या ढिगाऱ्यातून खांब आणले आणि सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा विजेता त्यांच्यामध्ये उभा केला. ज्या काळात साम्राज्य खंगत चाललं होतं, त्याच काळात त्याला आपल्या आरंभाची आठवण दगडात कोरून ठेवावीशी वाटली.

१९६१ नंतर तो पुतळा इथून हलला. आता तो जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहे. मंडप मात्र तसाच राहिला, आणि त्याखाली आज गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. १९५८ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं, दफनही तिथेच झालं. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष पणजीत आणून या मंडपाखाली ठेवले गेले. जिंकणाऱ्यासाठी बांधलेल्या छपराखाली त्या सत्तेने तुरुंगात टाकलेला माणूस विसावला आहे. एवढं एक वाक्य मुलांना स्वतःहून सापडलं पाहिजे, असं मी ठरवलं. बाकीची आखणी त्या एका वाक्याभोवती केली.

आधी न सांगण्याचा निर्णय

आमच्याकडे सहलीआधी वर्गात माहिती देण्याची पद्धत आहे. या वेळी मैदानाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मुलांना फक्त दोन गोष्टी शिकवल्या होत्या : पोर्तुगीज गोव्यात कधी आले आणि कधी गेले. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवायला सांगितली.

वाटेत पत्रादेवीला मात्र उतरलो. सीमेवरच्या या हुतात्मा स्मारकापाशी थांबणं आमच्या बाजूच्या शाळेने चुकवूच नये. १५ ऑगस्ट १९५५ ला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून वीसहून अधिक माणसं मारली गेली. पंजाबातल्या इसडू गावचा करनैलसिंग इथेच पडला. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. त्याआधी मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांनी तुकड्या नेल्या होत्या. गोरे आणि त्यांच्यामागून गेलेले मधू लिमये यांना तर लांबलचक शिक्षा झाल्या. आमच्या मुलांच्या घरांत यातली काही नावं आजही ओळखीची आहेत, कारण सत्याग्रही बांदा-सावंतवाडीच्या वाटेनेच पुढे जात. पत्रादेवीला काही समजावून सांगावं लागलं नाही. स्मारक मोकळ्यावर आहे, सीमा समोर आहे, गोळी कुठून आली ते दिसतं.

आझाद मैदानावर हे सोपेपण नाही, म्हणूनच दोन्ही जागा एकाच दिवशी पाहण्यात अर्थ आहे. एक जागा सत्तेच्या कडेवरची, दुसरी तिच्या अगदी पोटातली.

मैदानावर

मुलांना मंडपाभोवती मोकळं सोडलं आणि सांगितलं, जे दिसतं तेच लिहा, जे वाटतं ते वेगळं लिहा. पंधरा-वीस मिनिटं कोणी काही विचारायचं नाही.

कागदांवर जे उतरलं ते पाहून मला आनंद झाला. पुष्कळांनी खांबांची नक्षी काढली होती. एकाने लिहिलं, "खांब खूप मोठे, आतली वस्तू त्यामानाने नवी." एका मुलीने, "हे देवळासारखं आहे पण देऊळ नाही. चर्चसारखंही नाही." आणखी एकाने बाजूची पोलीस मुख्यालयाची इमारत, रस्त्यापलीकडचं ग्रंथालयासारखं दिसणारं दार, बाकावर बसलेली माणसं असं सगळं टिपलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी 'वाटतं' या रकान्यात लिहिलं होतं की हा मंडप कुन्हांसाठी बांधला असावा.

इथेच मला हवी असलेली फट मिळाली. मी विचारलं, "कुन्हा वारले १९५८ ला. हा मंडप १८४७ चा. मग?" काही क्षण गोंधळ झाला. मग गणित करणाऱ्या मुलांमधून आवाज आला, "म्हणजे आधी इथे दुसरं कोणीतरी होतं!" त्या क्षणापासून पुढचा तास मुलांनी मला सोडलं नाही. कोण होतं, का होतं, कुठे गेलं, कोणी काढलं, फोडलं की नेलं?

बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. मुलांचा गलका ऐकून ते हसत होते. दोन मुली थेट त्यांच्याकडे गेल्या. "आजोबा, तुम्ही तो पुतळा बघितलाय?" ते म्हणाले, "बघितलाय तर. लहान होतो मी. शाळेत जाताना रोज दिसायचा." मुलींनी विचारलं, राग यायचा का? आजोबा जरा थांबले आणि म्हणाले, "राग कसला? तो तिथे होताच, बाये. झाड असतं तसा." मग त्यांनी सांगितलं की शाळेत त्यांना पोर्तुगालमधल्या नद्या आणि रेल्वे स्टेशनं पाठ करावी लागत.

त्यांच्या या उत्तराने मी जे तासभर बोलले असते ते एका दमात सांगितलं. आक्रमकाचा पुतळा रोजच्या वाटेवर शंभर वर्षं उभा राहिला की तो दिसेनासा होतो, आणि सत्तेला तेच हवं असतं. पुढच्या वेळी मैदानावर बसणाऱ्या अशा ज्येष्ठांशी बोलायला मी मुद्दाम वेळ ठेवणार आहे. १९६१ पूर्वीचा गोवा जाणत्या वयात पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

कुन्हा कोण होते, आणि मुलांचा अवघड प्रश्न

कुन्हांची ओळख मी मंडपाच्या पायरीवर बसून करून दिली. चांदर गावात १८९१ चा जन्म. पुदुच्चेरीत आणि मग पॅरिसमध्ये शिक्षण, विषय वीजअभियांत्रिकी. फ्रान्समध्ये असताना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू तिथल्या वृत्तपत्रांतून मांडली. १९२६ मध्ये परत आले आणि १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात सभा घेता येत नव्हती, छापलेला प्रत्येक कागद सेन्सॉरच्या हाताखालून जात होता. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. लग्नपत्रिकेचं ऐकून मुलं खरोखर चकित झाली. हुकूमशाही म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तकात आहे. पण ताईची लग्नपत्रिका छापायला सरकारची परवानगी हवी म्हटल्यावर ती कळते.

१८ जून १९४६ ला डॉ. राम मनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगावात सभाबंदी मोडली. पुढच्याच महिन्यात कुन्हांना अटक झाली, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन समुद्रापार पोर्तुगालच्या पेनीशच्या किल्ल्यात ठेवलं. त्यांच्यासारखेच पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही पेनीशला गेले. सुटल्यावरही कुन्हांना पोर्तुगाल सोडायची परवानगी नव्हती. ते पॅरिसला निसटले आणि १९५३ मध्ये मुंबईत पोचले. मुंबईतूनच त्यांनी 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं. गोमंतकीयांची मुंबई तेव्हा फार मोठी होती. धोबीतलाव-माझगावच्या कुडांमधून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांमधून, गावोगावचे लोक राहत, आणि गोव्यात जे बोलता येत नसे ते तिथे बोललं जाई. मुक्तीच्या तीन वर्षं आधी, २६ सप्टेंबर १९५८ ला, कुन्हा गेले.

पेनीशबद्दल एक गोष्ट मी आवर्जून सांगितली. त्या किल्ल्यात सालाझारने पोर्तुगालच्या स्वतःच्या लोकशाहीवाद्यांनाही डांबलं होतं. १९७४ च्या एप्रिल क्रांतीनंतर दोनच दिवसांत तिथले राजकीय कैदी सुटले, आणि आज त्याच किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्वही पोर्तुगालने मान्य केलं ते त्या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीला. म्हणजे गोवेकरांना आणि पोर्तुगीज माणसांना छळणारी राजवट एकच होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे समजतं. आपण उगाच समजतो की त्यांना शत्रू आणि मित्र असे दोनच रंग कळतात.

तरीही अवघड प्रश्न आलाच. मागच्या रांगेतून एका मुलाने विचारलं, "बाई, पण कुन्हा तर ख्रिश्चन होते ना? मग ते पोर्तुगीजांच्या विरुद्ध कसे?"

हा प्रश्न सीमेच्या आमच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो. बहुतेक वेळा तो मनातच राहतो. त्या मुलाने मोठ्याने विचारला याचं मला समाधान वाटलं. मी त्याला गप्प केलं नाही, की 'असं बोलू नये' असंही म्हटलं नाही. इतिहासातूनच उत्तर दिलं. गोव्यात धर्मन्यायासन (इन्क्विझिशन, चर्चचं धर्मद्रोहाचे खटले चालवणारं न्यायालय) १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडून, चाललं आणि त्याने हिंदूंना, धर्मांतरितांना, ज्यूंना छळलं, हे खरं. कुंकळ्ळीच्या लोकांनी १५८३ मध्ये पाद्र्यांना मारलं आणि मग वाटाघाटीला बोलावून त्यांच्या नायकांना ठार केलं गेलं, हेही खरं. आणि हेही तितकंच खरं की १७८७ चा पिंटोंचा उठाव गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरूंनी रचला होता, कारण गोऱ्या धर्मगुरूंपुढे त्यांना कायम दुय्यम ठेवलं जात होतं. ज्यांचं नाव रस्त्यापलीकडच्या संस्थेला आहे ते लुईश द मिनेझिस ब्रागांझा हेही चांदरचे, ख्रिस्ती घराण्यातले. १९३० मध्ये गोव्याच्या विधानमंडळात सालाझारच्या वसाहत कायद्याला विरोध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मागणारा ठराव त्यांनीच मांडला. कुन्हांनी १९४४ मध्ये जी पुस्तिका लिहिली तिचा रोख तर आपल्याच सुशिक्षित समाजावर होता : परक्यांची भाषा, पोशाख आणि अभिमान उसने घेऊन आपण आपल्या देशापासून तुटलो, हे त्यांनी कसलीही भीड न ठेवता सांगितलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे ते आपल्याच लोकांना ओरडत होते." हो, अगदी तेच. आणि अशा माणसाचं स्मारक मधोमध असणं मला फार योग्य वाटतं. तलवार उपसलेल्या वीरापेक्षा स्वतःच्या माणसांना आरसा दाखवणारा अभ्यासक आमच्या मुलांना क्वचितच स्मारक म्हणून भेटतो.

मैदानावरच्या हुतात्मा स्मारकापाशी आम्ही उभे राहिलो. १८ जूनला आणि १९ डिसेंबरला सरकारतर्फे इथे पुष्पचक्र वाहिलं जातं. अस्नोड्याच्या बाळा राया मापारीची गोष्ट मी सांगितली, १९५५ मध्ये पोलीस कोठडीतल्या छळाने गेलेला तो पहिला हुतात्मा. मोहन रानड्यांचीही सांगितली. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मास्तर म्हणून राहिला, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात होता. सुटला तो १९६९ मध्ये. देश स्वतंत्र झाला, गोवा मुक्त झाला, आणि तो माणूस आतच. यावर मुलांनी खूप प्रश्न विचारले, आणि सगळ्यांची उत्तरं एका सकाळीत देणं शक्य नव्हतं.

रस्ता ओलांडून

मैदानाला लागूनच मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने ती स्थापन झाली, मुक्तीनंतर नाव बदललं. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या रंगांतल्या पोर्तुगीज फरशांची मोठी चित्रमालिका आहे. पोर्तुगीज कलावंत जॉर्ज कोलासो याने ती १९३५ मध्ये केली. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातला : गामाची सफर, समुद्र, जहाजं, हिंदुस्थानात पाऊल.

मैदानावर तासभर घालवून मग हे दालन बघणं, हा क्रम उलटा करू नये. आधी इथे आलो असतो तर मुलांनी 'किती सुंदर' म्हणून फोटो काढले असते. सुंदर आहेच ते, त्यात शंका नाही. पण आता मुलं त्या चित्रांकडे वेगळ्या नजरेने बघत होती. "यात आपली माणसं कुठे उभी आहेत?" एकीने विचारलं. मग सगळेच शोधायला लागले. कोण मध्ये, कोण कडेला, कोण उभं, कोण वाकलेलं. चित्र कसं वाचावं याचा इतका चांगला पाठ मला वर्गात कधी देता आला नव्हता. बाहेर पडताना एकाच्या लक्षात आलं की आत गामाची चित्रं आणि दारावर नाव मिनेझिस ब्रागांझांचं. "म्हणजे इथेपण मंडपासारखंच!"

दुपारी जुन्या गोव्यात संग्रहालयात गेलो. सेंट फ्रान्सिस असिसीच्या जुन्या मठात ते आहे. तिथे अल्बुकर्कचा पुतळा मुलांनी ओळखला, आणि ओळखीचा माणूस भेटावा तशी त्याच्याभोवती गोळा झाली. कामोंइशचा पुतळाही तिथेच आहे. तो १९६० मध्ये जुन्या गोव्यात उभारला होता, लोकांच्या विरोधामुळे १९८० च्या दशकात आत आणावा लागला. संग्रहालयातून मांडवीच्या धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. तिच्या कोनाड्यात वास्को द गामा अजून उभा आहे. कमानीच्या दुसऱ्या अंगाला हातात तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली पडलेला इथला पुरुष. तो बघून मुलं एकदम शांत झाली आणि लगेच भांडायला लागली : हे अजून का ठेवलंय?

पाडायला हवा होता का?

बसमध्ये परतताना हा वाद रंगला. मी फक्त एवढं समोर ठेवलं की एका दिवसात तुम्ही चार वेगवेगळे निर्णय पाहिलेत. कमानीवरचा गामा जागच्या जागी राहिला. अल्बुकर्क आणि कामोंइश संग्रहालयात गेले. पणजीच्या म्युनिसिपल बागेतल्या खांबावर पूर्वी गामाचा अर्धपुतळा होता, तिथे आता अशोकाचे सिंह आहेत. आणि आझाद मैदानावर मंडप ठेवून आतला माणूस बदलला. यातलं कुठलं बरोबर?

एक मुलगा ठाम होता, मंडपसुद्धा पाडायला हवा होता, गुलामीची खूण कशाला? दुसरा म्हणाला, पुतळा फोडला असता तर आज आपण काय बघितलं असतं? मग एक मुलगी, जी दिवसभरात फारशी बोलली नव्हती, म्हणाली, "पण ते खांब जुन्या गोव्यातून वाहून आणले कोणी? आपल्याच लोकांनी ना? मग ते पोर्तुगीजांचे कसे?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि मीही घाईने दिलं नाही.

माझं मत मला विचारलं गेलं, तेव्हा मी सांगितलं. मंडप ठेवला हे मला पूर्णपणे पटतं. तो पाडला असता तर एक मोकळी जागा उरली असती आणि अल्बुकर्कची आठवण त्याच्या भक्तांपुरती राहिली असती. दुसरा नवा मंडप बांधला असता तर कुन्हा कुठल्याही शहरातल्या कुठल्याही स्मारकात असते. इथे ते ज्या सत्तेशी लढले तिच्याच चौकटीत आहेत, आणि चौकट पाहिल्याशिवाय त्यांचं काम कळत नाही. पण मग ही चौकट ओळखता आली पाहिजे. आमच्या मुलांप्रमाणे येणारा प्रत्येक अनोळखी माणूस हेच समजणार की मंडप कुन्हांसाठी बांधला. तिथे आधी कोण होतं, तो पुतळा आता कुठे पाहता येईल आणि हे खांब कोणत्या शहरातून आले, या तीन गोष्टी कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत ठळक अक्षरांत मंडपापाशी वाचायला मिळायला हव्यात. शेजाऱ्याच्या नात्याने एवढं मागायचा आम्हाला हक्क आहे असं मला वाटतं. सीमेपलीकडच्या गोळ्या आमच्या माणसांनीही झेलल्या आहेत.

दुसऱ्या शाळांसाठी थोडं

मैदान सकाळी नऊच्या आत गाठलेलं चांगलं. उन्हाचा त्रास होत नाही आणि रहदारीचा आवाजही कमी असतो. एरवी इथे सभा, धरणी, निदर्शनं होतात. त्या दिवशी एखादं आंदोलन चालू असेल तर मुलांना घेऊन मागे फिरू नका. ज्या चौकात एकेकाळी चार माणसांना जमून बोलता येत नव्हतं, तिथे फलक घेऊन बसलेली माणसं मुलांनी पाहावीत. शिक्षकाने फक्त आधी पोलिसांकडे चौकशी करावी आणि मुलांना एका बाजूला ठेवावं.

सहल शुक्रवारी ठेवू नका, पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि अल्बुकर्क न पाहता आझाद मैदानाची भेट अर्धी राहते. मिनेझिस ब्रागांझा संस्थेत मोठा गट न्यायचा तर आधी कळवावं. दालन लहान आहे, एका वेळी एक तुकडी आत सोडावी आणि दुसरीने तोवर मैदानावर खांबांची चित्रं काढावीत.

आमच्या दोन तुकड्यांनी परत आल्यावर एक काम स्वतःहून मागून घेतलं. आपल्या गावातल्या कुठल्या चौकाचं, शाळेचं, पुलाचं नाव पूर्वी दुसरं होतं, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहायचं, आणि बदल कोणी आणि कधी केला तेही. पहिल्या आठवड्यात आलेल्या वह्यांमध्ये सावंतवाडी संस्थानच्या काळातली काही नावं निघाली आहेत. ती पडताळून पाहायला मुलांना आता नगरपालिकेचे जुने कागद हवे आहेत, आणि त्यासाठीचा अर्ज त्यांनीच लिहिला आहे.